पाशन आणि ब्रॅकेटच्या हद्दी

“चुकलं!” मी बाकावरनं जवळजवळ उडालोच. “सर, पाशनला चारानं गुणलंय. नवानं पाहिजे.”

बुगड सरांनी फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खडू खिशात टाकला, दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणाले, “या सर. बसा.”

टाळ्या पडल्या. मी कॉलर सारखी करत पुढं गेलो आणि त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसलो. त्या वर्षातली माझी ही एकविसावी वेळ. दुसऱ्या नंबरावर ओंकार होता, चार वेळा. म्हणजे स्पर्धा अशी नव्हतीच.

इचलकरंजीत तेव्हा बारावीच्या फिजिक्सचे क्लास गल्लीला एक होते, पण हा खेळ फक्त बुगड सरांच्यात. रोजच्या तासाला सर फळ्यावर एक चूक मुद्दाम ठेवायचे. एकच. जो पकडेल त्यानं तास संपेपर्यंत सरांच्या खुर्चीत बसायचं, सरांनी उभं राहायचं, आणि त्याला ‘अहो सर’ म्हणायचं. “माझ्यावर विश्वास ठेवला की नापास झालात,” असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. “स्वतः करून बघायचं.” घराच्या माडीवर क्लास, खाली सरांच्या चुलत भावाचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग. लूम चालू असले की माडी थरथरायची आणि टेबलावरचा खडू सरकत सरकत कडेला जाऊन खाली उडी मारायचा. सर म्हणायचे, “बघा, आला इलेक्ट्रॉन खालच्या कक्षेत.”

त्या दिवशी इलेक्ट्रॉनचंच चाललं होतं. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतनं खाली पडतो तेव्हा प्रकाश देतो. पहिल्या कक्षेत पडला तर त्या प्रकाशाला लायमन सिरीज म्हणायचं, दुसऱ्या कक्षेत पडला तर बामर, मग पाशन, ब्रॅकेट, फुंड. प्रत्येक सिरीजला दोन हद्दी. “शेजारच्या कक्षेतनं आलेला पाव्हणा चप्पल घालून सावकाश येतो,” सर लूमच्या वर आवाज काढत सांगत होते. “त्याची वेव्हलेंग्थ सगळ्यात लांब. अनंतातनं आलेला धाडकन पडतो, त्याची सगळ्यात आखूड. ही एक हद्द, ती दुसरी. मधे सगळी सिरीज. आणि आखूड हद्द काढायला पेन लागत नाही. नऊशे बारा आकडा पाठ करा, कक्षेच्या नंबराच्या वर्गानं गुणा. झालं.”

लायमन ९१२. बामर ३६४८. आणि पाशन परत ३६४८. तिथं मी ओरडलो होतो.

मी खुर्चीत पाय हलवत बसलो. सरांनी पाशनचा आकडा पुसला. पुसून झाल्यावर डस्टर हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. मग खाली नीट अक्षरात लिहिलं : लायमन. त्याच्यापुढं ९१२.

“सर!” मी म्हणालो. “हे पण चुकलं! लायमन झालंय.”

वर्ग हसला. एका तासाला दोन चुका हे कधी झालं नव्हतं. सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखं. मग एकदम हसले आणि म्हणाले, “आज ऑफर आहे. एकावर एक.”

पोरं बाकं बडवायला लागली. मीही बडवली असती, पण माझ्यापुढं बाक नव्हता.

“बरं, अहो सर,” सर माझ्याजवळ आले, “आता तुम्हीच सांगा. पाशनला कितीनं गुणायचं?”

“तेवढं तुम्हाला येतंय सर,” मी ऐटीत म्हणालो. आणखी एक हशा. सर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, काय अभिनय करतोय हा माणूस.

तास सुटल्यावर जिन्यात तबस्सुमनं मला अडवलं. तबस्सुम मुजावर पहिल्या बाकावर बसायची, सगळं लिहून घ्यायची आणि खुर्चीवर एकदाही बसली नव्हती.

“सुकुमार, त्या दोन्ही चुका ठेवलेल्या नव्हत्या.”

“तुला काय माहीत?”

“चूक लिहायच्या आधी सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसतात. आपल्याकडं बघायला लागू नये म्हणून. हसू येतं त्यांना. आज एकदाही पुसला नाही.”

मी जिन्यातच उभा राहिलो. सहा महिने मी जीव तोडून चुका शोधत होतो आणि ही त्यांचा चष्मा बघत होती.

“तुला कळत होतं, तर तू कधी खुर्चीत का बसली नाहीस?”

“मी शिकायला येते. खुर्ची आमच्या घरी पण आहे.”

“मग आज काय झालं सरांना?”

पण जिन्याच्या तळाशी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उभ्या होत्या आणि आम्हाला खूण करून आत बोलवत होत्या.

काकूंनी मागच्या स्वयंपाकघरात आमच्यापुढं भडंगाची ताटली ठेवली. दार लोटलं. “वरचं हसणं ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “आज किती चुका झाल्या?”

“दोन,” मी म्हणालो.

“कमीच की.” त्या पाटावर बसल्या. “मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलंय. डोक्यातलं एकेक पुसत जाणार म्हणाले. औषध आहे, पण ते नुसतं वेळ काढायला.”

“सरांना माहितीये?” तबस्सुमनं विचारलं.

“त्यांच्यासमोरच बोलले डॉक्टर. घरी येईपर्यंत हे विसरले, का विसरल्यासारखं केलं, मला काय कळलं नाही बाई.” काकूंनी ताटली आमच्याकडं सरकवली. “डॉक्टर म्हणाले, रोजचं जे करतात ते करू द्या. ते सुटलं की माणूस भराभर जातो. तुमची बॅच फेब्रुवारीत संपती. तेवढी काढू दे त्यांना. मी पाया पडते तुमच्या.”

बारावीतल्या पोराच्या पाया कुणी पडायची भाषा केली की त्याचं डोकं चालेनासं होतं. माझं उलट झालं. मला एकदम विनोद सुचला, आणि तो उपाय निघाला.

“काकू, सोपं आहे. सगळ्याच चुका ठेवलेल्या.”

“म्हणजे?”

“सर चुकले की मी ओरडणार, वर्ग हसणार, सर म्हणणार ‘या सर, बसा’. एक काय आणि पाच काय. आज ऑफर त्यांनीच काढलीये. ती फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवायची.”

“आणि परीक्षेत काय लिहायचं?” तबस्सुम म्हणाली.

“त्याला तू आहेस की.”

तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं, मग काकूंकडं पाहिलं, आणि भडंग खायला लागली. ठरलं.

पुढचे पाच आठवडे त्या माडीवर जे चाललं ते नाटकमंडळींना जमलं नसतं. वर्गाला आम्ही सगळं सांगितलं होतं : मी पकडायचो, बाकीचे हसायचे, आणि तबस्सुम रोज बरोबर आकड्यांचं पान लिहून वाटायची. मी पाठ्यपुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसायचो आणि फळ्यावरचं काही त्याच्याशी जुळलं नाही की हात वर. स्वतः करून बघायला वेळच नव्हता. कधी कधी सर हजेरी दोनदा घ्यायचे. एकदा त्यांनी सुहास वरुटे असं नाव पुकारलं. या नावाचा मुलगा अकरा वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये होता. मागनं ओंकार म्हणाला, “हजर सर.” तेव्हापासनं सुहास रोज हजर असायचा. त्याची हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती.

सर खुश असायचे. किंवा तसे दिसायचे. काकू सांगायच्या, जेवतात, झोपतात, सकाळी उठून शर्टाला इस्त्री करतात. मी खुर्चीत बसून बसून कंटाळलो होतो, पण घरी आईला सांगताना सांगायचो की मी रोज सर असतो.

जानेवारीत ओंकारचे पप्पा जिना चढून वर आले. चाळीस लूमचे मालक. उभ्या उभ्याच म्हणाले, “सर, जरा ऐकायला आलं काहीबाही. राग मानू नका. परवाच्या तासाला मागं बसू का?”

ऐकायला काय आलं ते सगळ्यांना माहीत होतं. ओंकारनं मान खाली घातली. एका पालकानं पोरगं काढलं की आठवड्यात माडी रिकामी होणार, हे त्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

“बसा की,” सर म्हणाले. “परवा हायड्रोजन परत घेणार आहे. त्या दिवशी नीट झालं नाही.”

मी आणि तबस्सुमनं एकमेकांकडं पाहिलं. त्या दिवशी नीट झालं नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी मला गाठलं. “सारखे बसून लिहितायत,” त्या म्हणाल्या. “जुन्या कॅलेंडरची पानं संपवली पाठीमागनं. तेच तेच आकडे. मला विचारतात, बरोबर आहे का गं? मला काय कळतंय? मी म्हणते, आहे. सुकुमार, उद्या सांभाळून घे रे.”

“काकू, काळजी करू नका. एक चूक सुटायची नाही माझ्या हातनं.”

ओंकारचे पप्पा शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान पडला, त्यांचे गुडघे छातीला लागले. सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. त्यांनी हजेरी एकदाच घेतली. सुहासचं नाव आलं नाही. ओंकारनं सवयीनं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आणि सर शिकवायला लागले.

कसं सांगू? आम्ही पाच आठवडे ज्यांना सांभाळत होतो ते हे नव्हतेच. हे जूनमधले बुगड सर. लूमच्या आवाजावर स्वार होऊन बोलत होते. शेजारचा पाव्हणा आला, अनंतातला धाडकन पडला, मागं बसलेले पप्पासुद्धा हसले. लायमन ९१२ ते १२१६. बामर ३६४८ ते ६५६६. “हीच तेवढी डोळ्यांना दिसती. तिच्यातलीही सगळी नाही.” पाशन ८२०८ ते १८७६१. पेन नाही, कागद नाही. मी मांडीवरच्या पुस्तकाचं पान घट्ट धरून बसलो होतो. चूक नाही. चूक नाही. 

ब्रॅकेट १४५९२ ते ४०५३३.

सरांनी खडू आडवा धरला आणि पाशनची एक लांब पट्टी काढली. तिच्याखाली ब्रॅकेटची. दोन्ही पट्ट्या एका ठिकाणी एकमेकींच्या वर-खाली आल्या. तेवढा भाग त्यांनी तिरप्या रेघांनी भरला.

“लायमन संपली की मोकळी जागा, मग बामर. बामर संपली की मोकळी जागा, मग पाशन. पण पाशन संपायच्या आधीच ब्रॅकेट सुरू होते. या दोघींच्या हद्दी एकमेकीत शिरलेल्या आहेत.”

मी पुस्तकातल्या चित्राकडं पाहिलं. त्यात पाचही सिरीज एकमेकींपासनं अंतर राखून उभ्या होत्या, लग्नात रुसलेल्या जावांसारख्या. कुणी कुणाला चिकटलं नव्हतं. मी सरांकडं पाहिलं. चष्मा नाकावर होता. त्यांनी तो पुसला नव्हता.

म्हणजे ही ठेवलेली चूक नव्हती. म्हणजे ही खरी.

मागं ओंकारचे पप्पा पुढं वाकून फळा बघत होते.

“चुकलं!” मी ओरडलो, जमेल तेवढं हसून. “सापडली सर! हद्दी एकमेकीत शिरत नाहीत!”

वर्ग हसला. पाच आठवड्यांची तालीम होती, आपोआप हसला. तबस्सुम तेवढी गर्रकन वळली. “गप्प बस,” ती दातांत म्हणाली. “बरोबर आहे ते.”

पण सरांनी फळ्याकडं पाहायला सुरुवात केली होती.

आधी पट्ट्यांकडं पाहिलं. मग आकड्यांकडं. ओठ हलत होते. पुन्हा पट्ट्यांकडं. मला वाटलं, आता म्हणतील, सुकुमार, बस खाली, आज तूच चुकलास. मी त्या वाक्याची इतकी वाट पाहिली आहे की अजूनही ते मला त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

“सर,” मी म्हणालो, “सर, नाही, थांबा...”

त्यांनी डस्टर घेतलं आणि तिरप्या रेघांचा भाग पुसला. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातनं. मग पट्ट्या पुसल्या. मग १४५९२ पुसलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

‘या सर, बसा’ म्हणाले नाहीत. हात जोडले नाहीत. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले, पहिल्या बाकापासनं मागच्या बाकापर्यंत, आणि जिथं जिथं त्यांची नजर गेली तिथलं हसणं थांबत गेलं. खाली लूम चालू होते.

“कधीपासनं चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

मी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

“सर, तुमचं बरोबर आहे,” तबस्सुम उभी राहिली. “ब्रॅकेट चौदा हजारांला सुरू होते आणि पाशन अठरा हजारांपर्यंत जाते. शिरतातच हद्दी. सुकुमार चुकलाय.”

“हो सर, मी चुकलो,” मी म्हणालो. “शप्पथ, मी चुकलो.”

सरांनी मान हलवली. पोराला लागलं असताना ते ‘नाही लागलं’ म्हणालं की आई हलवते तशी. खडू टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले.

शेवटच्या बाकावरनं ओंकारचे पप्पा गुडघे सोडवत उठले. “वा!” ते म्हणाले. “काय पद्धत आहे शिकवायची! पोरं मास्तरची चूक काढतायत आणि मास्तर मान्य करतोय. असं कॉलेजात कुठं बघायला मिळतंय? लोक काहीही बोलतात.” आणि खाली जाऊन काकूंना सांगून आले की पुढच्या वर्षी धाकट्यालाही इथंच घालणार.

पुढचं वर्ष नव्हतंच. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दाराला कुलूप होतं. काकू म्हणाल्या, काल आल्यापासनं एकदाही वर गेले नाहीत. शर्ट बदलला नाही.

चौथ्या दिवशी मी आणि तबस्सुम त्यांच्या घरी गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा पाचही सिरीज स्वतः करून बघितल्या होत्या, दोन्ही हद्दी, नऊ पानं. सर घरामागच्या परड्यात बसून शेंगा फोडत होते. दाढी वाढली होती. आम्हाला त्यांनी ओळखलं, नावानं हाक मारली, चटई दाखवली.

मी वही त्यांच्यापुढं धरली. “सर, बघा. ब्रॅकेट म्हणजे चौथी कक्षा. नऊशे बाराला...”

“सोळानं,” सर म्हणाले. शेंग फोडत, मान वर न करता. “चौदा हजार पाचशे ब्याण्णव.”

“बरोबर! आणि पाशनची लांब हद्द?”

“अठरा हजार सातशे एकसष्ट.”

“मग सर, चौदा हजार आधी येतात ना? अठरा हजारांच्या आधी?”

त्यांनी शेंग खाली ठेवली. वही हातात घेतली, आकड्यांवरनं बोट फिरवलं. बोट दोनदा तिथं थांबलं जिथं थांबायला पाहिजे होतं. 

“अक्षर सुधारलंय तुझं,” ते म्हणाले आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

“सर, आत्ता तुम्हीच तोंडी काढलंत.”

“तू लिहून आणलंयस. मी वाचलं असेन.”

“तुम्ही वहीकडं बघत पण नव्हता!”

“असू दे रे.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “पाच आठवडे केलंस. बास आता. मला राग नाही आला.”

 मी तबस्सुमकडं पाहिलं. सरांनीही तिच्याकडं पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं की आता त्यांना पटणार. कारण तिनं आख्ख्या वर्षात खुर्चीसाठीसुद्धा कधी सोंग केलं नव्हतं, आणि सरांना ते माहीत होतं.

“तबस्सुम, तू सांग,” ते म्हणाले. “त्या दिवशी काय झालं?”

“सर, तुमचं सगळं बरोबर होतं,” ती म्हणाली.  “पहिल्यापासनं शेवटपर्यंत. एकही चूक नव्हती. मी लिहून घेत होते.”

 मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून हाक मारली.

“अगं, ऐकलंस का? ही पोरगी आजवर माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. “बघ, माझ्यासाठी तेही शिकली.”

काकू दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. यातलं खरं कोणतं, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी आम्हाला हात जोडले.